सरांना टिकली नसते

"शाळेत एकदम छान असते हो ती. घरीच लाडावलीय." माझ्या बहिणीनं दर पालकसभेत ऐकलेलं वाक्य. वर्गशिक्षिका बदलल्या, वाक्य तेच राहिलं. बहीण मान हलवून घरी यायची. साडेपाचच्या रिक्षानं भाची आली की एक बूट उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, दप्तर वाटेत, आणि ती स्वतः दिवाणाखाली. बोलायचं नाही, खायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झालीच तर अशी किंचाळायची की शेजारच्या काकू गॅलरीत यायच्या. काकूंचं निदान तयारच असायचं: "वळण लावलं नाही वेळेवर."

खरं निदान झालं तेव्हा ती 11 वर्षांची होती. पुण्याच्या बालविकासतज्ज्ञ बाईंनी ऑटिझम हा शब्द उच्चारला आणि आमच्या घरात धक्क्याआधी अविश्वासच बसला. "ही? ही तर पाहुण्यांना पाणी देते, या-बसा म्हणते की!" हा आमच्या आईचा युक्तिवाद. तिच्या डोक्यातलं ऑटिस्टिक मूल म्हणजे कोपऱ्यात बसून डोलणारं, हाकेला ओ न देणारं. तशी मुलं असतात, पण सगळी तशी नसतात. काही मुलं, आणि त्यांत मुली बऱ्याच, फार लहानपणी हेरतात की आपलं काहीतरी वेगळं आहे आणि ते वेगळेपण लोकांना आवडत नाही. मग ती चारचौघांसारखं दिसण्याच्या कामाला लागतात. जाणकार याला मास्किंग, म्हणजे मुखवटा चढवणं, म्हणतात. हे काम इतकं बिनबोभाट चालतं की आईबापांनाही त्याचा पत्ता लागत नाही. त्याचा थकवा तेवढा घरी येतो आणि दिवाणाखाली जाऊन पडतो.

ती हे नेमकं कसं करते, ते तिनंच मला सांगितलं. शेंगाची चटणी करायला आम्ही दोघी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसलो होतो. हातांना काम असलं आणि समोरासमोर बसायची सक्ती नसली की ती मोकळी बोलते. मी सहज म्हटलं, "बोलताना डोळ्यांत बघायला तुला अवघड जातं म्हणे. बाईंशी तर बघून बोलतेस."

"डोळ्यांत नाही बघत. टिकलीकडे बघते."

लहानपणी तिला डोळ्यांत बघून बोलायची सवय लावली होती. न बघितल्यास खेळणं मिळायचं नाही. तिनं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. भुवयांच्या मधोमध बघितलं की समोरच्या माणसाला आपल्याकडेच बघतेय असं वाटतं, हा तिचा शोध. मराठीच्या बाईंची टिकली मरून, गणिताच्या बाईंची काळी आणि इतकी बारीक की शोधावी लागते, मुख्याध्यापिकाबाई सोमवारी खड्याची लावतात. शाळेतल्या सगळ्या बायकांच्या टिकल्यांचा हिशेब तिला तोंडपाठ होता. शिकवलेलं किती कानात गेलं, ते वेगळं.

"आणि खेळाचे सर?"

"सरांना टिकली नसते की, मावशी."

खेळाच्या सरांनी प्रगतिपुस्तकात 'उद्धट' असा शेरा का मारला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

तिच्या रफ वहीची शेवटची पानं तिनं नंतर दाखवली. त्यांत वाक्यं लिहिलेली होती. कुणी नवा ड्रेस घातला तर: छान आहे, कुठून घेतला. कुणी रडत असेल तर: काय झालं, पाणी देऊ का. सगळे हसले तर: हसायचं, आधी बाजूचीकडे बघायचं. काही वाक्यं मालिकांमधून उचललेली, काही वर्गातल्या सर्वांत लोकप्रिय मुलीची. तिची मान वळवायची लकब, 'अय्या' म्हणायची पद्धत, सगळं हिनं उचललं होतं. युनिफॉर्मच्या खिशात जुन्या सोलापुरी चादरीच्या दशांचा एक तुकडा असतो. पिळलेल्या सुतांचा तो झुबका बोटांनी सोडवायचा आणि पुन्हा पिळायचा, हे दिवसभर चालतं. पूर्वी ती हात झटकायची. ते लोकांना दिसायचं. दशा खिशात असल्यानं दिसत नाहीत.

हे सगळं फक्त आमच्या घरातलं नाही. 2017 मध्ये लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 92 ऑटिस्टिक प्रौढांनी आपण काय काय लपवतो, कशासाठी, आणि त्यानंतर काय होतं ते सांगितलं आहे. बहुतेकांच्या सांगण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: लोकांत मिसळायचं होतं, आणि नंतर अंगातलं त्राण गेलं. त्यावरून पुढे 2019 मध्ये 25 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात या लपवालपवीचे तीन भाग धरले आहेत. जे जमत नाही त्याची पाठांतरानं भरपाई करणं, आपलं जे आहे ते झाकणं, आणि मनात नसताना गर्दीत सामील होणं. माझ्या भाचीची वही पहिल्यात, दशा दुसऱ्यात, मधली सुट्टी तिसऱ्यात. प्रौढांवरच्याच 2018 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात या झाकाझाकीचा संबंध थेट आत्महत्येच्या विचारांशी दिसून आला. ते वाचलं त्या रात्री बहिणीला झोप लागली नाही. मलाही.

आपल्याकडे हा मुखवटा कागदोपत्रीही आडवा येतो. ऑटिझम मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं 2009 मध्ये एक भारतीय मोजपट्टी तयार केली. तिच्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि एकूण 70 च्या खाली आलात तर ऑटिझम नाही. पहिलाच मुद्दा नजरेला नजर देण्याचा! टिकलीकडे बघणाऱ्या पोरीला तिथं किती गुण मिळणार? तपासणीच्या दिवशी ती केस विंचरून, ताठ बसून, "नमस्ते डॉक्टर" म्हणते. आयुष्यभर ज्या परीक्षेची तयारी केली ती परीक्षा ती उत्तम पास होते आणि म्हणूनच मदतीला मुकते. मोजपट्टी आईबापांनाही विचारते, हे खरं. पण वर्षानुवर्षं 'वळण नाही लावलं' ऐकलेल्या आईला आपल्या मुलीचं अवघड रूप सांगायचीही लाज वाटू लागलेली असते.

एक आक्षेप हमखास येतो. "आपण सगळेच चारचौघांत थोडं नाटक करतो की!" करतो. मी उभी हयात बँकेच्या काउंटरवर काढली. पेन्शनच्या दिवशी दारापर्यंत रांग असताना, अंगठा उमटत नाही म्हणून भांडणाऱ्या आजोबांशी हसून बोलायचं हे काही मनापासून नव्हतं. पण ते हसू माझंच होतं, जरा ताणून आणलेलं. हा फरक कळायला आम्हा सोलापूरकरांना लांब जायला नको. कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक या पूर्व भागात एखाद्या पद्मशाली विणकराच्या घरात बघा. पोरगं आईशी तेलुगूत बोलतं, शाळेत मराठीत, कारखान्यात हिंदीत, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं तर मोडकंतोडकं कन्नडही रेटतं. दिवसातून दहादा भाषा पालटते, पण पोरगं काही दिवाणाखाली जात नाही. कारण घरच्या तेलुगूला कुणी चूक म्हटलेलं नसतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ती भाषा भर रस्त्यातून मिरवते. माझ्या भाचीला आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरी बोली शिकवली, आणि पहिली बोलूच नकोस म्हणून बजावलं. घरातसुद्धा. डोलू नकोस, हात हलवू नकोस, तेच तेच बोलू नकोस, रेल्वेचं वेळापत्रक पुरे. मग तिनं तिची बोली कुठं बोलायची?

या शिकवणीला शास्त्राचाही आधार होता, हे सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष आयांच्या माथी जातो. 1987 मध्ये अमेरिकेत ओल इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञानं आठवड्याला 40 तास सराव करवून घेतल्यावर निम्म्याच्या जवळपास मुलं इतर मुलांसारखी झाली, असा निष्कर्ष मांडला. इतरांसारखं दिसणं हेच यशाचं माप ठरलं. हात खाली, पाय स्थिर, माझ्याकडे बघ, शाबास, हे चॉकलेट. तो साचा जगभर गेला, आपल्याकडच्या केंद्रांतही आला. त्याला पहिलं खणखणीत उत्तर ऑटिस्टिक माणसांनीच दिलं. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. ऑटिझमच्या आड कुठलं दुसरं 'नॉर्मल' मूल लपून बसलेलं नाही. 2012 मध्ये डेमियन मिल्टन यांनी, तेही स्वतः ऑटिस्टिक, आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. मग शिकवणी एकट्या आमचीच का?

इथं एक बाजू मांडायलाच हवी. बहिणीच्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा 14 वर्षांचा आहे, बोलत नाही. मास्किंगची ही चर्चा ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराला मुखवटा घालता आला असता तर मी पेढे वाटले असते, ताई." यावर कुणी काय बोलणार? ज्या मुलाला घरातून एकटं बाहेर सोडता येत नाही, त्याच्या आईला 'स्वतःसारखं राहू द्या' हे पोट भरलेल्यांचं बोलणं वाटलं तर नवल नाही. दात घासणं, रस्ता ओलांडणं, कपडे घालून बाहेर येणं हे शिकवावंच लागतं, आणि ते शिकवणं म्हणजे मुखवटा चढवणं नव्हे. माझा ठोकताळा सोपा आहे. शिकवलेल्या गोष्टीनं मुलाचं काही सोपं होत असेल तर शिकवा. बघणाऱ्याचं सोपं होत असेल तर सोडून द्या.

मग मुलीला हे समजावायचं कसं? पुण्याच्या बाईंनी पहिलं सांगितलं ते हे की तिच्यापासून निदान लपवू नका. आपण वाईट आहोत, बिनडोक आहोत असे तर्क मुलं स्वतःच बांधत असतात. त्यांपेक्षा खरं नाव बरं. तिला सांगितलं, तेव्हा तिनं एकच विचारलं: "मग मी नाटक करते ते सगळ्यांना माहितीये का?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. सुटकेचाही होता आणि घाबरल्याचाही.

मग बहिणीनं शाळेचं वेळापत्रक मोठ्या कागदावर काढलं आणि रंगीत खडू दिले. जिथं खूप धरून ठेवावं लागतं तिथं लाल, थोडं तिथं पिवळा, काहीच नाही तिथं हिरवा. आम्हाला वाटलं गणित लाल येईल, मराठीचं पाठांतर लाल येईल. गणित हिरवं आलं. चित्रकला पिवळी, कारण शेजारचीशी रंग वाटून घ्यावे लागतात. परिपाठ लाल. आणि मधली सुट्टी इतकी गच्च लाल की खडू मोडला. ज्या वेळात मुलं मोकळी होतात असं आपण समजतो, ती तिच्या दिवसातली सगळ्यात कष्टाची वेळ होती. कुणाजवळ बसायचं, कुणाच्या डब्यातलं घ्यायचं, कधी हसायचं, कधी उठायचं, यांतलं काहीच कुठल्या पुस्तकात नाही. शनिवारची सकाळची शाळा मात्र बरीचशी हिरवी, सुट्टी छोटी म्हणून. कागदावर नसलेली एक चौकटही तिनं स्वतः आखली, 'रिक्षा', आणि तीही लाल केली.

त्या कागदानं जे केलं ते कुठल्याच भाषणानं झालं नसतं. आपण कुठं कुठं सोसतो ते तिला दिसलं, आणि पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाला दाखवता आलं. बहीण कागद घेऊन शाळेत गेली. नव्या वर्गशिक्षिका तरुण होत्या, त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला. आता मधल्या सुट्टीत भाची डबा खाऊन ग्रंथालयात जाते आणि ग्रंथपाल काकांना पुस्तकांचे नंबर लावायला मदत करते. काका तिच्याकडे बघत नाहीत, ती काकांकडे बघत नाही, दोघांचं उत्तम जमतं. रिक्षात पुढं रिक्षावाल्या मामांच्या शेजारी बसते. दिवाण अजून आहे, पण रोज लागत नाही.

मुखवटा पार काढून टाक, असं मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगूही नये असं माझं ठाम मत आहे. भर नवी पेठेत दिवाळीच्या गर्दीत हात झटकत चालणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. "बाहेरचं काही आहे का, एकदा दाखवून आणा," हा सल्ला मोफत मिळतो. तिच्या लग्नाची काळजी तर ती तिसरीत असल्यापासून लोक वाहतायत. अशा गावात मुखवटा कधी कधी छत्रीइतकाच उपयोगाचा असतो. कधी उघडायची, कधी मिटायची ते तिच्या हातात हवं, एवढंच. गेल्या मे महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं. आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, "मी अर्धा तास करते. सगळ्यांना नमस्कार, फोटो, जेवण. मग मला वरच्या खोलीत जायचंय." 'करते' या क्रियापदाला घरात आता कुणी हसत नाही. अर्ध्या तासानं ती वर गेली. मामींनी चौकशी केली तर बहीण म्हणाली, "वर आहे, आराम करतेय." पुढचं स्पष्टीकरण दिलं नाही. मला वाटतं बहिणीचाही एक मुखवटा त्या दिवशी उतरला.

आवाजाचं तिचं गणित निराळं आहे. पॉवरलूमचा खटखटाट तिला चालतो, मागच्या गल्लीतल्या कारखान्याच्या भिंतीला टेकून ती पुस्तक वाचते. एका चालीत चालणारा आवाज पुढं काय करणार ते ठाऊक असतं. कुकर दगा देतो. मिरवणुकीतला डीजे तर छातीतच वाजतो. तरीही संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा आली की ती आठ दिवस आधीपासून जागी असते. सात नंदीध्वज, त्यांचे मान, कुठली काठी कुठल्या क्रमानं निघणार, 68 लिंगांची प्रदक्षिणा, बाराबंदी घातलेले लोक कुठं थांबणार, सगळं तिला पाठ. वर्षानुवर्षं तसंच होणार याची खात्री हेच तिचं सुख. अक्षता सोहळ्याला लाखभर लोकांत ती निवांत उभी असते, कारण सगळे एकाच दिशेला बघत असतात, एकमेकांकडे नाही. तिथं ती डोलते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कुंभाराच्या लेकीचं लग्न सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लागतं आणि अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत त्यावर अक्षता टाकतं. एवढं ज्या गावाला विचित्र वाटत नाही, त्याला एका मुलीचे हलणारे हात का सहन होऊ नयेत, हे कोडं मला सुटलेलं नाही. शोभेच्या दारूकामाला मात्र ती येत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, पाळण्यांचे भोंगे सुरू व्हायच्या आत, होम मैदानावरून सकाळीच फिरून येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारमान्य शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असं त्यात लिहिलं आहे. पण सोय म्हटलं की शाळांना इमारत, निधी, विशेष शिक्षक आठवतात. ते सगळं हवंच. माझी मागणी त्याआधीची आहे, बिनपैशाची आहे, आणि ती गावातल्या सगळ्या बाईंना आणि सरांना आहे. जूनमध्ये नवा वर्ग ताब्यात आला की "माझ्याकडे बघून बोल" हे वाक्य एक वर्ष वापरू नका. ऐकलं की नाही ते पाहायचं असेल तर "मी काय सांगितलं?" असं विचारा. हात हलत असतील तर हलू द्या. अगदी शहाण्यासारखं वागणाऱ्या, कधीच त्रास न देणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीत एकदा तरी शोधा, ती कुठं आहे आणि काय करते आहे ते बघा. वर्गात भिंतीकडेची एक जागा रिकामी ठेवा, ज्याला हवी त्याला तिथं बसू द्या, आणि त्या जागेसाठी कुणाकडे प्रमाणपत्र मागू नका.